दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा दिसलं: प्रवासात थांबण्याबद्दल

पाऊलखूण:

पंधराएक वर्षं प्रवासावर लिहिते आहे. मासिकं, रविवारच्या पुरवण्या, मिळेल तिथे. मध्यंतरी एका प्रकाशकांनी सुचवलं की जुने लेख एकत्र करून पुस्तक काढू. म्हणून सगळे लेख सलग वाचायला घेतले आणि तिसऱ्या लेखातच उत्साह मावळला.

कंबोडियातल्या अंकोर वाट मंदिरावरचा लेख त्यातल्या त्यात गाजलेला. २०१३ सालचा. त्यात 'भव्य' हा शब्द अकरा वेळा आहे. 'डोळ्यांचे पारणे फिटले' दोनदा, तेही एकाच पानावर. लेख वाचून लेखिका तिथे जाऊन आली एवढं नक्की कळतं. तिने काय पाहिलं हे मात्र मलाच आठवेना, इतरांना काय कळणार!

त्या वेळी एक दिवसाचा पास काढला होता. तिथे पास तीनच प्रकारचे मिळतात, एक दिवसाचा, तीन दिवसांचा आणि सात दिवसांचा. पहाटे चारला उठून पश्चिमेकडच्या तळ्याकाठी जागा धरली. मंदिराचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे सूर्य मागून वर येतो. पुढे शिखरं काळीभोर, मागे आभाळ रंगीत. सूर्य वर आला की सात-साडेसातपर्यंत गर्दी पांगते, मीही पांगले. मग आत एक धावती फेरी, मग जवळच्या बायॉन मंदिराचे दगडी चेहरे, ता प्रोम मंदिराची झाडं. 'छोटी फेरी' म्हणून तिथे जो १७ किलोमीटरचा रस्ता आहे तो दुपारी तीनला संपवला आणि सूर्यास्तासाठी बाखेंगच्या टेकडीवर रांगेत उभी राहिले, कारण वर एका वेळी ३०० माणसंच सोडतात. रात्री हॉटेलात बसून लेखाचा कच्चा खर्डा पुरा केला. संपादक खूश.

२०१९ ला पुन्हा जाणं झालं. या वेळी सात दिवसांचा पास होता, पण बेत तोच, आणखी पळायचं. दुसऱ्याच दिवशी ता केओ मंदिराच्या उभ्या पायऱ्या उतरताना घोटा मुरगळला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर पायऱ्या बंद. सोबतचा फोटोग्राफर पुढे नॉम पेन्हला गेला आणि मी पट्टी बांधलेला पाय घेऊन मागे राहिले. पास हातात, पण अंकोरमध्ये पायऱ्या नसलेलं काय आहे?

टुकटुकवाल्याने मार्ग काढला. म्हणाला, मुख्य दाराने कशाला, पूर्वेच्या मागच्या दाराने चला. तिकडे मातीचा सरळ रस्ता, झाडी, माणूसही फारसा नाही. काठी टेकत टेकत पूर्वेच्या ओवरीत पोचले. तिथल्या भिंतीवर समुद्रमंथन कोरलेलं आहे, सुमारे ४९ मीटर लांब. मधे विष्णू, खाली कूर्म, डावीकडे असुर, उजवीकडे देव, दोघांच्या हातात वासुकी. गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ. त्यामुळे पाच मिनिटांत 'कळलं' आणि संपलं. २०१३ च्या लेखात या भिंतीवर दीड ओळ आहे, तीही अशीच कळून लिहिलेली. पण पाय ठणकत होता, समोरच्या कट्ट्यावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी जायला दुसरी जागा नव्हती म्हणून तिथेच गेले. करायचं काय, म्हणून मोजत बसले. गाईडबुकात देव ८८ आणि असुर ९२ आहेत. माझे देव एकदा ८५ भरले, एकदा ९०. मोजताना लक्षात आलं की शेपटीच्या टोकाला देवांच्या बाजूने एक माकड आहे. कोणी त्याला हनुमान म्हणतं, कोणी सुग्रीव. मंथनात माकड कुठून आलं? आपल्या गोष्टीत तर नाही. पहिल्या दिवशी तो होताच, पण गोष्ट मला पाठ होती आणि तिच्यात माकड नव्हतं, म्हणून दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी मासे दिसले. देव-असुरांच्या पायाखाली समुद्र आहे आणि त्यात मासे, मगरी, काय काय. कडेला ते धडधाकट आहेत. जसजसं मधल्या रवीकडे, म्हणजे मंदर पर्वताकडे जावं, तसतसे ते तुटलेले दिसतात. डोकं एकीकडे, शेपूट एकीकडे. घुसळण्याच्या जोराने त्यांचे तुकडे झालेत. अमृताची गोष्ट शंभरदा ऐकली असेल, पण समुद्रात राहणाऱ्यांचं त्या दिवशी काय झालं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बाराव्या शतकातल्या कुणा पाथरवटाच्या मात्र ते डोक्यात आलं होतं.

चौथ्या दिवशी ढग होते. ऊन नसल्यामुळे खांबांच्या सावल्या भिंतीवर पडल्या नाहीत आणि सगळं कोरीवकाम सपाट दिसायला लागलं. तेव्हा कळलं की तीन दिवस आपण दगड बघतोय असं वाटत होतं, त्यातलं निम्मं सकाळचं ऊन होतं.

एव्हाना सगळे गाईड तोंडपाठ झाले होते. गट येतो, विष्णूसमोर थांबतो, फोटो, एक ठरलेला विनोद, पुढे. मी घड्याळ लावून बघितलं, एका गटाला तीन ते चार मिनिटं. २०१३ ची मी त्या प्रत्येक गटात होते.

हळू प्रवास म्हणजे मुक्काम वाढवणं, असं मी आजवर समजत आले आणि तसं लिहिलंही. आता वाटतं, दिवस मोजून काही कळत नाही, एकाच गोष्टीपुढे आपण पुन्हा किती वेळा गेलो ते मोजावं. पहिल्या खेपेला मी घरून नेलेलं तेवढंच ओळखून परत येते. मला अजून तरी यापेक्षा बरं मांडता येत नाहीये.

पुस्तकाच्या प्रस्तावनेत हे लिहायचा विचार आहे. तुमचे अनुभव सांगा. मुद्दा खोडायचा असेल तर अवश्य खोडा, छापून आल्यावर खोडण्यापेक्षा आत्ता बरं.

निळावंती:

मासे! मी २०१७ ला त्याच भिंतीसमोर फोटो काढून घेतलाय, आत्ता उघडून बघितला. माझ्या डाव्या खांद्यामागे अर्धा मासा आहे. आठ वर्षं माझ्याकडेच होता.

मधली_सुट्टी:

लेख आवडला, पण मुद्दा खोडायला परवानगी दिलीच आहे तर खोडते.

आम्ही दोघं नोकरी करणारे. वर्षाच्या रजेतून आजारपणं, लग्नकार्यं, शाळेचे कार्यक्रम वजा केले की फिरायला सलग सहा-सात दिवस हाती लागतात. मुलं सहा आणि नऊ वर्षांची. त्यात जायचा एक दिवस, यायचा एक दिवस, आणि कोणीतरी एक आजारी पडणार तो एक दिवस. उरलेल्या तीन दिवसांत मी त्याच भिंतीसमोर तीनदा जाऊन बसू? आणि घरी आल्यावर 'तिथे जाऊन हे नाही पाहिलंत?' असं विचारणाऱ्यांना काय सांगू, मासे मोजत होतो म्हणून?

ताई, तुमचा पाय मुरगळला म्हणून तुम्हाला दिसलं. आम्ही पाय मुरगळायला रजा कुठून आणू?

पाऊलखूण:

मधली_सुट्टी, शेवटचं वाक्य प्रस्तावनेत चोरू का?

तुमचं म्हणणं बरोबर आहे. पाय धड असता तर मीही पळालेच असते, याचं श्रेय मला अजिबात नाही. शिवाय माझ्या फिरण्याचे पैसे बऱ्याचदा दुसरं कोणी देतं, हेही कबूल करायला हवं. फक्त एक शंका. तीन दिवसांत नऊ जागा होत असतील तर आठ करून एकीला दोनदा जाता येईल का? सगळा प्रवास हळू करा असं म्हणत नाहीये मी. एखादा तुकडा.

टूरवाला:

बावीस वर्षं युरोपच्या ग्रुप टूर घेऊन जातोय, त्यामुळे या धाग्यात खलनायक मीच.

आधी आमची बाजू. कार्यक्रमपत्रिकेत ठिकाणं कमी केली की लोक पत्रिका बाजूला ठेवतात. 'त्या दुसऱ्यांकडे एवढ्याच पैशांत दोन देश जास्त आहेत.' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! म्हणून मग आमची भाषा तयार होते. 'फोटो स्टॉप' म्हणजे दहा मिनिटं. 'बाहेरून दर्शन' म्हणजे तिकीट धरलेलं नाही. 'पॅनोरॅमिक टूर' म्हणजे बस थांबणारच नाही, काचेतून बघा. सगळं पत्रिकेत छापलेलं असतं, कोणी वाचत नाही.

आता तुमच्या बाजूचं. युरोपात बसच्या ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला ९ तास चालवायची मुभा, आठवड्यातून फक्त दोनदा १०. गाडीत टॅकोग्राफ असतो, त्यात मिनिटामिनिटाची नोंद होते. त्यामुळे मी कितीही घाई केली तरी ती ४५ मिनिटं कापता येत नाहीत. सुरुवातीला मला त्यांचा भयंकर राग यायचा.

एकदा ऑस्ट्रियातून इटलीकडे निघालो होतो. ब्रेनरच्या खिंडीच्या अलीकडे ही सक्तीची विश्रांती आली, हमरस्त्याकडेच्या एका साध्या पार्किंगमध्ये. ३८ माणसं. स्वच्छतागृहाची रांग वीस मिनिटांत संपली. उरलेली पंचवीस मिनिटं करायला काही नाही, दुकान नाही, बघण्यासारखं काही नाही. पार्किंगच्या मागे कुंपण आणि कुंपणापलीकडे डोंगराचा उतार. उतारावर एक म्हातारा गवत कापण्याचं यंत्र आडवं चालवत होता. उतार एवढा तीव्र की आता हा गडगडतो की मग, असं वाटत होतं. प्रत्येक फेरीला टोकाला जायचा, यंत्र उचलून वळवायचा, पुन्हा आडवा. माझी सगळी ३८ माणसं कुंपणाला टेकून बघत होती. काही जणांनी तर फेऱ्या मोजल्या. बस निघताना एक काकू म्हणाल्या, 'अहो, तेवढा पट्टा संपू द्या की त्याचा.'

वर्षभराने त्या ग्रुपचं स्नेहसंमेलन झालं, मलाही बोलावलं. राजवाडे, कॅथेड्रल, कोणी नाव काढलं नाही. सगळ्यांना तो गवतवाला आठवत होता. अकरा दिवस सात देशांच्या त्या टूरमध्ये त्या माणसांना निवांत अशी काय ती ही पंचवीस मिनिटं मिळाली होती, आणि ती पत्रिकेत नव्हती.

तरी पुढच्या वर्षी पत्रिकेत देश वाढवून आठ केले. धंदा आहे.

अर्धविराम:

टूरवाला, दंडवत. शेवटची ओळ फार प्रामाणिक.

खिडकीची_जागा:

'पुन्हा त्याच जागी' हे काही मला पटलं नाही. मी रेल्वेवाला. रेल्वेत कुठलीच गोष्ट दुसऱ्यांदा दिसत नाही, तरी माझे सगळ्यात हळू प्रवास रेल्वेतलेच.

२०१४ ला मॉस्को ते व्लादिवोस्तोक केलं, ९,२८९ किलोमीटर, सलग आठवडाभर. रुळांच्या कडेला मॉस्कोपासूनचं अंतर लिहिलेले खांब असतात. पहिले दोन दिवस मी ते वाचत होतो. बाहेर बर्चची झाडं. मग बर्चची झाडं. मग आणखी बर्च. दुसऱ्या संध्याकाळी मी जवळजवळ रडकुंडीला आलो, आपण एवढा पैसा आणि रजा घालून झाडांच्या पांढऱ्या बुंध्यांची रांग बघायला आलो का म्हणून.

त्यात घड्याळाचा घोळ. तेव्हा सगळं वेळापत्रक मॉस्कोच्या वेळेने चालायचं. (२०१८ मध्ये हे बदललं, आता स्थानिक वेळ लावतात.) वाटेतल्या इर्कुत्स्कला वेळ मॉस्कोहून पाच तास पुढे. स्टेशनातल्या घड्याळात सकाळचे सात आणि बाहेर ऊन बाराचं. डब्यात कोणी मॉस्कोच्या वेळेने झोपायचं, कोणी बाहेरच्या उजेडाने. डब्याला दोन कंडक्टर बायका, आळीपाळीने कामावर, तर आमच्या डब्याने शेवटी त्यांच्या पाळ्यांवरूनच दिवस मोजायला सुरुवात केली. जाड्या बाई आल्या म्हणजे सकाळ.

तिसऱ्या दिवशी काय झालं कोण जाणे, पण बर्चमधले फरक दिसायला लागले. कुठे बुंध्यांना काळे डाग जास्त, कुठे झाडं एका बाजूला कललेली, कुठे मधेच पाणथळ आणि वाळलेले सोट. बैकाल आलं तेव्हा डबाभर आरडाओरडा झाला, गाडी काही तास तळ्याच्या अगदी काठाने जाते. १,६४२ मीटर खोल, जगातलं सगळ्यात खोल तळं. सुंदर आहेच, वाद नाही. पण मला खरं सांगायचं तर बर्च गेले म्हणून जरा चुकल्यासारखं झालं.

पाऊलखूण:

खिडकीची_जागा, तुम्ही माझा मुद्दा खोडला की पुरा केला? तुम्ही एकच झाड तीन दिवस पाहिलंत. तुमच्याऐवजी ते येत राहिलं, एवढाच फरक.

खिडकीची_जागा:

हे वकिली उत्तर झालं. पण मान्य. अर्धं.

हिमकण:

सगळे मनाचं बोलताहेत, मी शरीराचं बोलतो. ट्रेकचे ग्रुप नेतो.

थांबणं ही काही ठिकाणी आवडीनिवडीची बाब उरत नाही. लेह साधारण ३,५०० मीटरवर. विमानाने दीड तासात तिथे उतरलात तरी रक्ताला त्या हवेची सवय व्हायला दिवस लागतात. पहिले दोन दिवस काही करू नका असं सगळे सांगतात, आणि 'आम्हाला काही होत नाही' म्हणणारे दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला नाहीतर पँगाँगला निघतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, असा साधा नियम आहे. लेहहून थेट पँगाँगला मुक्काम म्हणजे एका रात्रीत सातशेच्या वर.

मीच एकदा हट्टी ग्रुपपुढे मान तुकवली. रात्री अकराला एकाला डोकेदुखी, उलट्या, एक वाजता त्याचा चालताना झोक जायला लागला. झोक जाणं हे वाईट लक्षण, मेंदूला सूज आल्याची शंका घ्यायची. सकाळची वाट न बघता ऑक्सिजन लावून अंधारात खाली आणला. वाचला, पण ती रात्र मी विसरणार नाही. 'नको' म्हणायचं काम माझं होतं. त्यानंतर नियम केला, पहिले दोन दिवस गाडीची किल्ली माझ्याकडे.

आणि हो, त्या दोन सक्तीच्या दिवसांत लोक गच्चीवर खुर्च्या टाकून चिडचिड करत बसतात. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर चिडचिड थांबते आणि समोरच्या डोंगराचा रंग किती वेळा बदलला यावर पैजा लागतात. तेव्हा कालची-आजची तुलना सुरू झालेली असते. ते तुमच्या मुद्द्यात बसतं का बघा.

गुडघेदुखी:

वय ७३. माझा वेग माझे गुडघे ठरवतात, त्यामुळे तत्त्वज्ञानाची गरज पडत नाही. प्रत्येक बाकावर बसतो. बाकांबद्दल कुणाला माहिती हवी असल्यास विचारा. जगात बहुतेक ठिकाणी बाक चुकीच्या दिशेला तोंड करून ठेवलेले असतात.

तिरकस:

सगळं छान छान चाललंय, म्हणून नावाला जागतो.

'हळू फिरणारा तो सज्जन आणि धावणारा तो अडाणी' असा एक सूर या विषयावरच्या लिखाणात हटकून असतो. इथे अजून आला नाही, पण येईल. त्याआधी दोन शहरं बघा. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून काही ठरावीक दिवशी बाहेरून येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. कोणाकडून? सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्यांकडून. रात्री मुक्काम करणाऱ्याला ते माफ. म्हणजे व्हेनिसच्या मते तुमचा थांबणारा प्रवासी चांगला.

आता बार्सिलोना. तिथल्या महापौरांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या १०,१०१ फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवणार. का, तर तिथल्याच माणसांना राहायला घर मिळेना. त्या फ्लॅटमध्ये कोण राहतं? चार तासांत शहर उरकणारा बसमधला माणूस नक्कीच नाही. तिथे उतरतो तो 'आम्ही पर्यटकांसारखं नाही, तिथल्यासारखं राहतो' म्हणणारा. तो तिथल्यासारखं राहतो, म्हणून तिथल्याला दुसरीकडे राहावं लागतं.

तेव्हा मासे जरूर बघा. फक्त बघण्याने आपण पावन झालो असं समजू नका.

टूरवाला:

तिरकसराव, बावीस वर्षांत प्रथमच कोणी आमच्या बसची बाजू घेतली. हा प्रतिसाद फ्रेम करून लावतो.

पाऊलखूण:

तिरकस, हे लागलं. मी स्वतः अशा फ्लॅटमध्ये महिना काढून त्यावर लेख लिहिलाय, लिस्बनचा. लेखात शेजारच्या आजींचं वर्णन आहे. त्या जिन्यात भेटल्या की नमस्काराला उत्तर द्यायच्या नाहीत, आणि मी त्याला 'अबोल स्वभाव' म्हटलंय. तो लेख पुस्तकात ठेवला तर खाली काहीतरी लिहावं लागेल. किंवा काढूनच टाकते.

कोरी_पाटी:

माझा अनुभव उलटा. एका डोंगरातल्या गावी बारा वर्षांनी परत गेलो आणि पस्तावलो. पहिल्या खेपेला ज्या वळणावर दरी उघडायची तिथे आता व्ह्यू पॉइंटचं काँक्रीट आणि सेल्फीची चौकट. मनातलं चित्रही गेलं. दुसऱ्यांदा जाऊ नये असंच माझं मत.

चष्मिष:

कोरी_पाटी, बारा वर्षांनी जाणं आणि दुसऱ्या दिवशी जाणं यांत घोळ होतोय असं वाटतं. बारा वर्षांनी आपण जुनी आठवण तपासायला जातो, आणि तपासायला गेलं की चुका सापडतातच. दुसऱ्या दिवशी तपासण्यासारखं अजून काही साठलेलंच नसतं.

चित्रकार मोनेचं उदाहरण देतो. त्याने १८९२ आणि १८९३ मध्ये फ्रान्समधल्या रुआँ शहराच्या कॅथेड्रलसमोर खोल्या घेऊन एकाच दर्शनी भिंतीची तीसहून जास्त चित्रं केली. एका वेळी अनेक कॅनव्हास मांडलेले, ऊन सरकलं की हातातला बाजूला ठेवायचा आणि त्या उजेडाचा पुढे ओढायचा. पुढे ती जिव्हर्नीच्या घरी पुरी केली आणि १८९५ मध्ये त्यांतली वीस एकत्र मांडली. मी पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात त्यातली काही शेजारीशेजारी पाहिली. एकच चित्र लावलं असतं तर मी 'चर्च आहे' म्हणून पुढे गेलो असतो. दुसरं बघितल्यावर परत पहिल्याकडे आलो. पहिलं बदललं होतं! म्हणजे ते बदललं नव्हतं, मला आता त्यातला निळा दिसत होता.

पाऊलखूण ताईंच्या चौथ्या दिवशीच्या ढगांशी हे जुळतं, म्हणून लिहिलं.

कोरी_पाटी:

हम्म. मग मला त्या गावी आणखी एक दिवस थांबायला हवं होतं की काय! मी रागाने संध्याकाळीच निघालो.

उंबरठा:

लिहू की नको असं करत दोन दिवस वाचतेय. मी फिरत नाही. आई चार वर्षं अंथरुणाला खिळून आहे, एक रात्रही बाहेर काढता येत नाही.

नॉर्वेच्या दूरदर्शनने २००९ च्या नोव्हेंबरात बर्गन ते ओस्लो हा रेल्वेप्रवास सलग दाखवला होता, त्या रेल्वेमार्गाला शंभर वर्षं झाली म्हणून. इंजिनाला कॅमेरा, सात तासांहून जास्त, काही घडत नाही. दहा लाखांवर लोकांनी तो बघितला म्हणतात, आणि देशाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास. मग २०११ मध्ये त्यांनी बर्गन ते किर्केनेस बोटीचा प्रवास दाखवला, थेट, १३४ तास. मला हे इंटरनेटवर सापडलं. सहज आईच्या पलंगासमोर लावलं.

पहिल्या दिवशी ती झोपून गेली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, 'ती गाडी लाव.' आता आम्ही रोज थोडी बघतो आणि संपली की पहिल्यापासून. बोगदे खूप आहेत, अंधार झाला की मधे जुन्या फिती दाखवतात, त्या तिला आवडत नाहीत. तिला नुसता अंधार हवा असतो. फिन्से स्टेशन १,२२२ मीटरवर आहे, तिथे बर्फ असतो. त्याच्या जरा आधी ती पांघरूण वर ओढून घेते. मी एकदा विचारलं, थंडी वाजते का गं? तर म्हणाली, 'आत्ता येईल ना.'

मला वाटतं आई बर्गनला सतरा-अठरा वेळा जाऊन आली असेल.

निळावंती:

उंबरठा, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

गुडघेदुखी:

माझाही. आणि तो दुवा मला पाठवता का? बाकाची अडचण नाही त्यात.

मधली_सुट्टी:

तीन आठवड्यांनी येतेय. मधे चार दिवसांची रजा मिळाली, समुद्रावर गेलो. पाऊलखूण ताईंवर रागावून गेले होते, म्हणजे करून दाखवते की हे जमत नाही म्हणून.

पहिल्या संध्याकाळी पाच वाजता भरती पूर्ण भरली होती. धाकट्याने पाणी जिथवर आलं तिथे एक काठी रोवली आणि दगडांनी पक्की केली. दुसऱ्या दिवशी आमचा बेत आसपासची दोन ठिकाणं करायचा होता. पण दोघांनी धोशा लावला, काठी बघायची, काठी बघायची. आम्ही मोठी माणसं 'ते झालं ना बघून' म्हणतो, मुलं 'पुन्हा' म्हणतात. घसरगुंडीवर पुन्हा, तीच गोष्ट पुन्हा. हे मला तिथे उभं राहून सुचलं, म्हणजे नऊ वर्षं आई असून.

तर पाचला गेलो. काठी होती, पण पाणी बरंच मागे. मोठीला वाटलं समुद्र आटला. धाकटा रडायला लागला, कुणीतरी काठी हलवली म्हणून. नवऱ्याने फोनवर भरतीची वेळ बघितली, भरती पावणेसहानंतर. रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, कारण पृथ्वी एक फेरी पुरी करेपर्यंत चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. हे मी शाळेत शिकले होते आणि परीक्षेत लिहिलंही होतं. तासभर बसलो. पाणी आलं, काठीच्या चार बोटं अलीकडे थांबलं आणि मागे वळलं. तिसऱ्या दिवशी मोठीने स्वतःच हिशोब केला, आज साडेसहाच्या जरा पुढे, आणि काठी आणखी पाण्याकडे लावावी लागणार. बरोबर निघालं दोन्ही.

ती दोन ठिकाणं राहिली. सासूबाईंनी विचारलंच, 'तिथे जाऊन ते देऊळ नाही केलंत?' नाही केलं.

रजेचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.

पाऊलखूण:

सोडू नका. प्रस्तावनेत तुमचा मुद्दा आधी येणार आहे, मासे नंतर.

निळावंती:

ताई, पुढच्या महिन्यात कंबोडियाला जातेय, पाचच दिवस आहेत. सकाळी नक्की किती वाजता जाऊ त्या ओवरीत?

पाऊलखूण:

सूर्योदय पश्चिमेला बघू नकोस, थेट पूर्वेच्या दाराने आत शिर. साडेसहा ते आठ. आठनंतर गट येतात. टुकटुकवाल्याला 'मागचं दार' निक्षून सांग, नाहीतर सवयीने पुढे नेऊन सोडेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं ठरवलंस तर देव मोजून सांग.

निळावंती:

परत आले. दोनदा गेले. पहिल्या दिवशी ८७, दुसऱ्या दिवशीही ८७. एक काका भिंतीला टेकून फोनवर बोलत होते दोन्ही दिवस, त्यांच्यामागे एक असणार.